मणक्यांचा जंतुसंसर्ग : निदानाची नोंद आणि संकेतांक

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात 'पाठदुखी' ही रोजची तक्रार असते. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माणसांची पाठ दुखणारच, असे रुग्णही मानतो आणि पुष्कळदा डॉक्टरही. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. विश्रांती आणि साध्या औषधांनी दुखणे ओसरते. मात्र त्यांतील मोजक्या रुग्णांच्या वेदनेमागे मणक्यात शिरलेला जंतू असतो. केसपेपरवर या दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या नावापुढे 'पाठदुखी' हाच शब्द लिहिला गेला, तर कागदापुरते त्यांचे आजार एकच ठरतात. पुढचा डॉक्टर, क्षयरोग विभाग, विमा योजना आणि आरोग्याची आकडेवारी ही सर्व मंडळी त्या कागदावरच विसंबून असतात. म्हणूनच मणक्यांच्या जंतुसंसर्गात निदानाची नोंद हा उपचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

आजार एक नव्हे, अनेक

'मणक्यांचा जंतुसंसर्ग' हे एका आजाराचे नाव नाही. मणक्याच्या हाडात जंतुसंसर्ग होतो, दोन मणक्यांमधील चकतीत होतो, आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर पू साठून गळूही होते. पुष्कळदा ही तिन्ही एकाच रुग्णात आढळतात.

कारणानुसार त्याचे दोन मोठे गट पडतात. पहिला पू निर्माण करणाऱ्या जंतूंचा. त्यांत 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' हा जंतू सर्वाधिक आढळतो. त्वचेवरील गळू, मूत्रमार्गाचा संसर्ग, डायलिसिससाठी बसवलेली नळी अशा ठिकाणाहून तो रक्तावाटे मणक्यात पोहोचतो. मधुमेही आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या व्यक्तींना त्याचा धोका अधिक. दुसरा गट क्षयरोगाचा. ब्रिटिश शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला आजही 'पॉटचा आजार' म्हणतात. हाडे व सांध्यांच्या क्षयरोगांपैकी सुमारे निम्मे रुग्ण मणक्यांच्या क्षयाचे असतात. हा आजार संथपणे वाढतो. ताप असेलच असे नाही, खोकला तर बहुधा नसतोच. रात्री वाढणारी वेदना, घटणारे वजन आणि हळूहळू पुढे येणारे कुबड या त्याच्या खुणा होत.

विदर्भाच्या दृष्टीने आणखी दोन कारणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत आणि सिकलसेल असलेल्यांच्या हाडांत 'साल्मोनेला' गटातील जंतूंचा संसर्ग होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. दुसरे कारण 'ब्रुसेला' या जंतूचे. गुरे, शेळ्या यांची वीण हाताळणाऱ्यांना किंवा न उकळलेले दूध पिणाऱ्यांना तो होऊ शकतो आणि तो कंबरेच्या मणक्यांत ठाण मांडून बसतो. रुग्णाचा व्यवसाय, घरची जनावरे आणि सिकलसेल तपासणीचा निष्कर्ष केसपेपरवर नसेल, तर या दोन्ही शक्यता पुढील डॉक्टरच्या मनात येण्याचे कारणच उरत नाही.

या भेदांना व्यावहारिक महत्त्व आहे. पूजनक जंतूंच्या संसर्गावर प्रतिजैविकांचा उपचार साधारणतः सहा आठवडे चालतो. क्षयरोगाच्या औषधांचा कालावधी हाडांच्या बाबतीत किमान बारा महिने असतो आणि गरजेनुसार तो अठरा महिन्यांपर्यंत वाढवला जातो. कागदावर नुसतेच 'मणक्याला इन्फेक्शन' असे लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याने यांतील कोणता मार्ग धरावा?

संकेतांकांची भाषा

रोगांची नावे देशोदेशी आणि डॉक्टरागणिक वेगळी लिहिली जातात. त्यांची मोजदाद एका मापाने व्हावी, यासाठी रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण अस्तित्वात आले. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेली मृत्यूच्या कारणांची यादी हे त्याचे मूळ. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने ती जबाबदारी स्वीकारली. दहाव्या आवृत्तीस १९९० मध्ये मान्यता मिळाली आणि १९९४ पासून सदस्य देशांनी ती वापरात आणली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी आपल्याकडील रुग्णालयांच्या नोंदी अजून प्रामुख्याने दहाव्या आवृत्तीवरच चालतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या २०१३ च्या आणि सुधारित २०१६ च्या मानकांतही या वर्गीकरणाला स्थान आहे.

दहाव्या आवृत्तीत मणक्यांच्या जंतुसंसर्गाशी संबंधित प्रमुख संकेतांक असे :

- एम ४६.२ : मणक्याच्या हाडाचा जंतुसंसर्ग
- एम ४६.३ : दोन मणक्यांमधील चकतीचा पूजनक संसर्ग
- एम ४६.४ : चकतीचा दाह, कारण अनिर्दिष्ट
- एम ४६.५ : मणक्यांचे इतर संसर्गजन्य विकार
- जी ०६.१ : मणक्यांच्या पोकळीतील गळू
- ए १८.० आणि एम ४९.० : मणक्यांचा क्षयरोग
- ए २३ आणि एम ४९.१ : ब्रुसेलामुळे झालेला मणक्यांचा विकार
- एम ४९.२ : आतड्यांतील जंतूंमुळे (विषमज्वर, साल्मोनेला इत्यादी) झालेला मणक्यांचा विकार, सोबत त्या जंतूचा ए ०१ ते ए ०४ मधील संकेतांक
- बी ९० .२ : हाडे व सांध्यांच्या क्षयरोगाचे मागे राहिलेले परिणाम

क्षयरोगापुढे दोन संकेतांक का, असा प्रश्न वाचकाला पडेल. या वर्गीकरणात काही आजार दोन बाजूंनी नोंदवले जातात. मूळ कारणाच्या संकेतांकापुढे खंजिराचे चिन्ह (†) आणि शरीरात ते कारण जेथे प्रकट झाले त्या संकेतांकापुढे तारका (*) असते. खंजिराचा संकेतांक मुख्य आणि अनिवार्य. तारकेचा संकेतांक एकटा कधीही वापरायचा नाही. 'ए १८.०†' सांगतो की हा हाडांचा क्षय आहे, 'एम ४९.०*' सांगतो की तो मणक्यात आहे. फक्त दुसराच लिहिला, तर क्षयरोगाच्या गणतीतून तो रुग्ण निसटतो.

'एम' ने सुरू होणाऱ्या संकेतांकांना जागेचा आणखी एक अंक जोडता येतो : २ म्हणजे मान, ४ म्हणजे छातीमागचा भाग, ५ म्हणजे छाती व कंबर यांचा सांधा, ६ म्हणजे कंबर, ८ म्हणजे त्रिकास्थी. अनेक ठिकाणी संसर्ग असेल तर ०, आणि जागा लिहिलेलीच नसेल तर ९. कंबरेच्या मणक्याचा जंतुसंसर्ग त्यामुळे 'एम ४६.२६' होतो. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस असल्याचे सिद्ध झाले असेल, तर 'बी ९५.६' हा जोडसंकेतांक देतात. पाय लुळे पडले असतील तर त्याची नोंद 'जी ८२' खाली स्वतंत्रपणे होते. मणक्यात बसवलेल्या पट्ट्या किंवा स्क्रूंमुळे संसर्ग झाला असल्यास 'टी ८४.६' हा संकेतांक लागतो, कारण तेथे मूळ घटनाच निराळी असते.

आणि 'पाठदुखी' ? तिचे घर 'एम ५४' मध्ये आहे. ते लक्षणाचे घर आहे. निदान झाल्यानंतरही रुग्ण तेथेच ठेवला गेला, तर ती नोंद चुकीची ठरते.

एक कागद, दोन प्रकारे

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, घाटंजी तालुक्यातील एक शेतमजूर महिला पाठीच्या वेदनेसाठी तीन महिने वेदनाशामक गोळ्या घेत आहे. आता पायांत जडपणा आल्याने ती ग्रामीण रुग्णालयात येते आणि तेथून तिला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवायचे ठरते. तिच्या हातात जी चिठ्ठी दिली जाईल, ती दोन प्रकारे लिहिता येते.

पहिला प्रकार : 'पाठदुखी. पुढील उपचारांसाठी.'

दुसरा प्रकार : 'तीन महिन्यांपासून पाठीच्या मध्यभागी वेदना, रात्री अधिक. सायंकाळी बारीक ताप, वजनात घट. दहा दिवसांपासून दोन्ही पायांत जडपणा, आधाराशिवाय चालणे कठीण. लघवी-शौचावर ताबा आहे. मणक्यावर ठोकल्यास वेदना. घरात दोन वर्षांपूर्वी क्षयरुग्ण. मधुमेह नाही, सिकलसेल तपासणी झालेली नाही. आतापर्यंत वेदनाशामके, प्रतिजैविक दिलेले नाही. मणक्यांच्या क्षयरोगाची शंका, मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता. तातडीने एमआरआय आवश्यक.'

दुसरी चिठ्ठी लिहायला तीन-चार मिनिटे अधिक लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढी मिनिटेही महाग असतात, हे मान्य. परंतु पहिली चिठ्ठी घेऊन आलेली महिला मोठ्या रुग्णालयात पाठदुखीच्या रांगेत उभी राहते. दुसरी चिठ्ठी असेल तर त्याच दिवशी तिच्या पायांतील ताकद तपासली जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. मज्जारज्जूवरील दाब किती दिवस राहिला, यावर ती पुन्हा चालू शकेल की नाही हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

'प्रतिजैविक दिलेले नाही' हे छोटे वाक्यही मोलाचे आहे. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर आधी मणक्यातील ऊतीचा नमुना घ्यावा आणि मग औषध सुरू करावे, असा संकेत आहे. औषध आधी पोटात गेले असेल तर नमुन्यात जंतू वाढत नाही आणि अहवाल 'जंतू आढळला नाही' असा येतो. काही प्रतिजैविके क्षयरोगाची लक्षणेही काही काळ दाबून ठेवतात. औषधाचे नाव आणि ते सुरू केल्याची तारीख लिहिलेली असेल, तरच त्या नकारार्थी अहवालाचा खरा अर्थ लावता येतो.

मोठ्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावरही निदानाच्या ओळीत पाच गोष्टी अपेक्षित आहेत : संसर्ग हाडात, चकतीत की गळूच्या स्वरूपात, कोणत्या मणक्यांत, कोणत्या जंतूमुळे, कोणत्या पुराव्यावरून, म्हणजे एमआरआय, ऊतितपासणी, जंतुवर्धन की सीबीनॅट, आणि मज्जातंतूंची अवस्था काय. 'छातीच्या नवव्या व दहाव्या मणक्यांचा क्षयरोग, सीबीनॅटने सिद्ध, रिफॅम्पिसिनला प्रतिरोध नाही, दोन्ही पायांत अंशतः अशक्तपणा' ही एक ओळ पाचही प्रश्नांची उत्तरे देते. संकेतांक लावणाऱ्याला मग तर्क करावा लागत नाही. त्याने तर्क करायचाही नसतो. डॉक्टरने जे लिहिले नाही, ते अहवालांवरून स्वतः ठरवून लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. शंका असल्यास त्याने डॉक्टरला प्रश्न पाठवायचा, आणि तोही अपेक्षित उत्तर न सुचवता.

नोंदीवर काय अवलंबून आहे ?

क्षयरोगाची नोंद करणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि हे बंधन खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'निक्षय' या संगणक प्रणालीत रुग्णाला क्रमांक मिळतो. तेथे आजार फुप्फुसाचा की फुप्फुसाबाहेरचा, कोणत्या अवयवाचा, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला की लक्षणांवरून ठरवलेला, रुग्ण नवा की पूर्वी उपचार घेतलेला, हे सर्व विचारले जाते. मणक्याच्या क्षयाच्या रुग्णाला खोकला नसतो, थुंकीचा नमुना नसतो. त्यामुळे अस्थिरोग विभागातून क्षयरोग विभागाकडे कागद गेलाच नाही, तर त्याची नोंद होण्याचा दुसरा मार्ग फारसा राहत नाही. नोंद झाल्यास मोफत औषधे मिळतात. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेचे साहाय्यही मिळते; दरमहा ५०० रुपये असलेली ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली. वर्षभर मजुरी बुडणाऱ्या घरात ही रक्कम क्षुल्लक नसते. शिवाय कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागले, तर त्याच क्रमांकावर तेथे औषधे सुरू राहू शकतात.

शस्त्रक्रियेची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार असतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर विस्तारली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत आलेल्या १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांनाही तिच्यात सामावून घेण्यात आले; यवतमाळ त्यांपैकी एक. २०२३ मध्ये शासनाने योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचा आणि संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. या योजनेत उपचारपद्धतींची स्वतःची क्रमवार यादी असते आणि पूर्वपरवानगीसाठी निदान व तपासण्यांचे कागद पाठवावे लागतात. निदानाच्या ओळीत 'पाठदुखी' आणि मागणी मात्र मणक्यांच्या शस्त्रक्रियेची, अशी विसंगती असेल तर शंका उपस्थित होणारच. तो वेळ रुग्णाच्या पायांच्या हिशेबातून जातो.

परदेशी रुग्णांचे आपले संकेतांककार

पुणे, मुंबई, नागपूर येथील अनेक तरुण-तरुणी अमेरिकेतील रुग्णालयांसाठी संकेतांकनाचे काम करतात. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचे स्वतःचे सुधारित रूप स्वीकारले. दोन्ही पद्धती वरवर सारख्या दिसल्या, तरी मणक्यांच्या बाबतीत त्यांत फसगत करणारे फरक आहेत. अमेरिकी पद्धतीत खंजीर आणि तारका नाहीत. मणक्यांच्या क्षयरोगाला 'ए १८.०१' हा एकच संकेतांक पुरतो. जागतिक संघटनेच्या पद्धतीत जागेचा शेवटचा अंक ० असेल तर 'अनेक ठिकाणी' असा अर्थ होतो; अमेरिकी पद्धतीत त्याच ० चा अर्थ 'जागा अनिर्दिष्ट' असा आहे. 'शंका' या शब्दाचा नियमही निराळा आहे. तेथे बाह्यरुग्णाच्या नोंदीत 'संभाव्य' वा 'शंकास्पद' निदानाला त्या आजाराचा संकेतांक देता येत नाही, लक्षणाचाच द्यावा लागतो. आंतररुग्णाला घरी सोडताना निदान तसेच शंकास्पद राहिले असेल, तर मात्र ते सिद्ध झाल्याप्रमाणे नोंदवता येते.

बरे झाल्यावर आणि मृत्यूनंतरही

आजार बरा झाला तरी नोंदीचे काम संपत नाही. ज्याचा क्षय पूर्ण बरा झाला आहे, पण कुबड राहिले आहे, अशा रुग्णाला पुन्हा 'ए १८.०' देणे चूक आहे. त्याच्यासाठी मागे राहिलेल्या परिणामांचा 'बी ९० .२' हा संकेतांक आहे. अन्यथा बरा झालेला माणूस आकडेवारीत आयुष्यभर क्षयरुग्ण राहतो. पायांत कायमचे अपंगत्व आले असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळवताना मूळ आजाराचे आणि उपचारांचे कागद कामी येतात.

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हा या साखळीतील शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद. त्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहिण्याची सवय सर्वत्र आढळते. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. अंथरुणाला खिळलेला मणक्याच्या क्षयाचा रुग्ण दगावला, तर क्रम असा लिहायला हवा : (अ) शय्याव्रणातून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, (आ) दोन्ही पायांचा अर्धांगवायू, (इ) मणक्यांचा क्षयरोग. सर्वांत खालच्या ओळीतील आजार हे मृत्यूचे मूळ कारण धरले जाते. ती ओळ रिकामी राहिली, तर क्षयरोगाने गेलेला माणूस क्षयरोगाच्या हिशेबात येत नाही. आणि जो आजार हिशेबात नाही, त्यासाठी औषधे, तपासणी यंत्रे आणि डॉक्टर मागायला आधार उरत नाही.

रुग्णाने काय जपावे ?

रुग्ण व नातेवाइकांनी प्रत्येक केसपेपर, एमआरआयच्या फिल्म, ऊतितपासणीचा अहवाल आणि घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवाव्यात. डिस्चार्ज कार्ड घेताना निदानाची ओळ वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि क्षयरोगाचे निदान असल्यास निक्षय क्रमांक विचारून घ्यावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि रुग्णाने मागणी केल्यास त्या ७२ तासांत उपलब्ध करून द्याव्या लागतात. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

पाठदुखी सहा आठवडे होऊनही हटत नसेल, रात्री वाढत असेल, सोबत ताप असेल वा वजन घटत असेल, तर पुन्हा डॉक्टरकडे जाऊन हे सारे स्पष्ट सांगावे. पायांत जडपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नये. आणि सांगितलेले सर्व कागदावर उतरले आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे.